नट ढिला, निरोप हुकला

पाठपरिचय : चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्रातील जंगलांचे जिल्हे आहेत. येथील दुर्गम भागांत निरोप पोहोचवण्यासाठी बिनतारी यंत्रांचा उपयोग होतो. या यंत्रांचे खांब व अँटेना ऊन, वारा आणि पाऊस सोसत उघड्यावर उभे असतात. त्यांचे नट-बोल्ट ढिले का होतात आणि ते ढिले होऊ नयेत म्हणून काय करावे, याची माहिती प्रस्तुत पाठात लेखकाने सोप्या भाषेत दिली आहे. लहानशा कामातील दक्षता किती मोलाची असते, हेही या पाठातून ध्यानात येते.



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मार्च महिना संपत आला आहे. सागाची झाडे पाने गाळून उभी आहेत. जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचला आहे. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला आणि आग तशीच सोडून तो घरी गेला. दुपारी एका वनरक्षकाला टेकडीपलीकडे धूर दिसतो. वणवा! तो धावत चौकीवर येतो, बिनतारी यंत्राचे बटण दाबतो आणि निरोप सांगू लागतो. पण दुसऱ्या टोकाला ऐकू येते ती फक्त चरचर. तो पुन्हा सांगतो, तिसऱ्यांदा सांगतो. शेवटी सायकलवर बसून तो पुढच्या गावाकडे निघतो. तोवर आग टेकडी उतरलेली असते.

यंत्र बिघडले होते का? नाही. बॅटरी उतरली होती का? तीही भरलेली होती. माणूस जागा होता, कामही त्याला येत होते. मग चुकले कुठे? चौकीच्या छपरावरच्या खांबाला अँटेना धरून ठेवणाऱ्या पट्टीचे दोन नट ढिले झाले होते. अँटेना वीतभर खाली घसरून कलला होता. त्यामुळे त्याची केबल ताणली गेली आणि तिचा जोड अर्धवट सुटला. काही रुपयांच्या दोन नटांमुळे एक मोलाचा निरोप हुकला.

हा प्रसंग मी कल्पनेने रचला आहे. पण असे घडू शकते, हे बिनतारी यंत्रे सांभाळणारा कोणताही माणूस तुम्हांला सांगेल.

आपल्या भागात या यंत्रांचे महत्त्व विशेष आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. अशा दाट जंगलात, टेकड्यांच्या आड, प्रत्येक ठिकाणी मोबाइल फोन लागतोच असे नाही. पावसाळ्यात अडचण आणखी वाढते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा रस्ता वारंवार बंद पडला होता. रस्ता बंद, वीज बंद, फोन बंद अशा वेळी बॅटरीवर चालणारे बिनतारी यंत्र हाच आधार असतो.

वनखात्याच्या आणि पोलिसांच्या बिनतारी यंत्रांच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की त्या अडतात. म्हणून अँटेना उंच खांबावर लावावा लागतो. जितका उंच, तितका निरोप दूर जातो. पण जितका उंच, तितका वाराही त्याला अधिक हलवतो. येथूनच नट-बोल्टांची परीक्षा सुरू होते.

आता एक सोपा प्रयोग करा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढलेली दिसेल. बोल्टवरचे आटे म्हणजे हेच आहे. डोंगराला वळसे घालत जाणाऱ्या घाटरस्त्यासारखा तो एक चढ आहे. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टवर नटाचा एक फेरा पूर्ण झाला, की नट दीड मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे हा चढ फक्त ३ अंशांच्या आसपास असतो. चढ इतका कमी असल्यामुळे नट आपोआप खाली घसरत नाही. घर्षण त्याला धरून ठेवते.

पण हे घर्षण येते कुठून? पुष्कळांना वाटते की बोल्ट म्हणजे नुसता खुंटा. तसे नाही. पान्याने नट कसला की बोल्ट किंचित ताणला जातो. डब्यावर लावलेला रबर जसा ताणलेला असतो आणि म्हणूनच झाकण दाबून धरतो, तसाच बोल्टही ताणलेला असतो आणि म्हणूनच दोन वस्तू एकमेकींवर दाबून धरतो. पोलादाचा ताण डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. हा ताण आहे तोवर दाब आहे. दाब आहे तोवर घर्षण आहे. ताण गेला की नट नुसता बोल्टवर बसलेला राहतो, काम करत नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय यावरच उभे आहेत.

मग ताण जातो कसा?

पहिले कारण म्हणजे कंपन. एक फळी थोडी तिरपी ठेवा आणि तिच्यावर एक जाड पुस्तक ठेवा. पुस्तक घसरणार नाही. आता फळीला बाजूने हलके हलके टपल्या मारा. पुस्तक हळूहळू उताराकडे सरकू लागेल. टपली बाजूने मारली, पण पुस्तक गेले खाली! बोल्टचेही असेच होते. जोडलेल्या दोन वस्तू एकमेकींवर आडव्या सरकू लागल्या, की आट्यांमधले घर्षण क्षणभर अपुरे पडते आणि नट उताराच्या दिशेने, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, केसभर फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के नटाला फार लवकर सैल करतात, हे त्याच्या यंत्रावर स्पष्ट दिसले. आपल्याकडे वादळी वारा खांब हलवतो, वानरे अँटेनावर उड्या मारतात, जीपवरचा अँटेना खडबडीत रस्त्यावर दिवसभर थरथरतो. हे सगळे आडवेच धक्के आहेत.

दुसरे कारण म्हणजे ऊन. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हातला धातू तर हवेपेक्षाही अधिक तापतो. तापला की धातू प्रसरण पावतो. पण सर्व धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. तापमान ४० अंशांनी वाढले, तर एक मीटर लांबीची पोलादी पट्टी सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. तेवढीच अॅल्युमिनिअमची पट्टी सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. अँटेनाच्या नळ्या अॅल्युमिनिअमच्या असतात आणि बोल्ट पोलादाचे. दुपारी अॅल्युमिनिअम फुगते आणि बोल्टखाली चेपले जाते. रात्री ते आकसते, पण चेपलेला भाग पूर्ववत होत नाही. लहान पट्टीत हा फरक केसापेक्षाही कमी असतो, पण दिवसामागून दिवस तेच घडत राहते. ताण थोडा थोडा कमी होत जातो.

तिसरे कारण म्हणजे रंग आणि धूळ. नटाखाली रंगाचा जाड थर असेल, तर तो काही दिवसांत दबतो. जेवढा थर दबतो, तेवढा बोल्टचा ताण घटतो. म्हणून नवीन बसवलेला अँटेना काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासावा लागतो.

चौथे कारण म्हणजे गंज. येथे एक गैरसमज दूर करू या. गंजलेला नट पान्यालाही दाद देत नाही, म्हणून लोक म्हणतात, "आता हा कशाला सुटतो!" पण गंज बोल्टला आतून खातो. बोल्ट बारीक होतो, ताण जातो आणि एखाद्या वादळात तो मोडतो. गंजलेला नट घट्ट नसतो, तो फक्त अडकलेला असतो. शिवाय अॅल्युमिनिअमला तांबे टेकवले आणि त्यावर पावसाचे पाणी पडले, तर तेथे एक लहानसा विद्युतघटच तयार होतो आणि अॅल्युमिनिअम झिजू लागते. म्हणून असे धातू एकमेकांना टेकू देऊ नयेत आणि उघड्यावर जस्ताचा मुलामा दिलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, बोल्ट वापरावेत.

आता उपायांकडे वळू या.

सर्वांत पहिला उपाय म्हणजे नट मुळात योग्य कसणे. आटे स्वच्छ करा. नटाखालचा जाड रंग खरवडा. मापाचाच पाना घ्या. पक्कड वापरली तर नटाचे कोपरे गोल होतात. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा भागच बोल्ट ताणण्याच्या उपयोगी पडतो, बाकीचा सगळा घर्षणातच खर्च होतो. म्हणून गंजलेल्या, मळकट आट्यांवर कितीही जोर केला तरी ताण येत नाही. उलट, अॅल्युमिनिअमच्या नळीवर फाजील जोर केला तर नळी चपटी होते. इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या वाकवलेल्या बोल्टला, म्हणजे यू-बोल्टला, दोन नट असतात. ते आळीपाळीने, थोडे थोडे कसावेत. एकच बाजू पूर्ण कसली तर पट्टी तिरपी बसते.

दुसरा उपाय वॉशरचा. आपल्याकडचे मिस्त्री त्याला वायसर म्हणतात. साधा वॉशर दाब पसरवतो, एवढेच त्याचे काम. फाट दिलेला स्प्रिंग वॉशर घातला की नट सुटत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज बरोबर नाही. नट पूर्ण कसला की स्प्रिंग वॉशर चपटा होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेने १९९० साली नट-बोल्टांविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यातही हेच सांगितले आहे. दातेरी वॉशरचे काम वेगळे आहे. त्याचे दाते रंग फोडून धातूत रुततात. म्हणून विजेचा जोड पक्का ठेवण्यासाठी, विशेषतः जमिनीत नेलेल्या अर्थिंगच्या तारेसाठी, तो उपयोगी पडतो. पाचरीसारखे दाते असलेले जोडीचे वॉशरही मिळतात. नट सुटू लागला की त्या पाचरी बोल्टला आणखी ताणतात, म्हणून कंपनात ते चांगले टिकतात. मात्र ते महाग असतात.

तिसरा उपाय जुना आणि स्वस्त आहे : दोन नट लावणे. दुसऱ्या नटाला कारागीर चेक नट म्हणतात. येथे एक चूक नेहमी होते. पातळ नट वर आणि जाड नट खाली लावला जातो. खरे तर पातळ नट आधी लावावा आणि जाड नट त्याच्यावर. मग खालचा नट एका पान्याने धरून ठेवावा आणि वरचा दुसऱ्या पान्याने त्याच्यावर कसावा. असे केले की शेवटी खरा भार वरच्या जाड नटावर येतो. एकाच पान्याने दोन्ही नट एकामागून एक फिरवले, तर दोन नट लावूनही उपयोग होत नाही.

चौथा उपाय म्हणजे नायलॉनचे कडे असलेला नट. हे कडे आट्यांना आवळून धरते. ताण कमी झाला तरी असा नट गळून पडत नाही. सुमारे १२० अंश तापमानापर्यंत नायलॉन टिकते, म्हणजे आपल्या उन्हाळ्याची त्याला भीती नाही. पण पुन्हा पुन्हा काढून लावला की कड्याची पकड जाते. असा नट बोटांनी सहज फिरू लागला, तर तो टाकून द्यावा.

पाचवा उपाय म्हणजे आट्यांवर लावायचा चिकट द्रव. १९५३ साली व्हर्नन क्रीबल या अमेरिकी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी असा द्रव तयार केला. पुढे तो लॉकटाइट या नावाने जगभर गेला. त्याची गंमत अशी, की बाटलीत हवा असते तोवर तो पातळ राहतो. नट-बोल्टांच्या फटीत हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला, की तो घट्ट होतो. निळा प्रकार साध्या पान्याने पुन्हा सोडवता येतो. लाल प्रकार सोडवायला बहुधा उष्णता द्यावी लागते. म्हणून अँटेनासारख्या कामाला निळा पुरेसा असतो. लावण्यापूर्वी तेल, ग्रीस पुसून टाकावे आणि पूर्ण पकडीसाठी एक दिवस जाऊ द्यावा. स्टेनलेस स्टीलवर त्याला अधिक वेळ लागतो. प्लॅस्टिकवर तो सांडू देऊ नये, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. आणि एकदा तो सुकला, की "जरा पुन्हा कसून पाहू" असे करू नये. त्याने पकड तुटते.

याशिवाय विमानांच्या कामात बोल्टच्या डोक्याला भोक पाडून त्यातून तार ओवतात. तार अशी बांधतात, की बोल्ट सुटू लागला तर तीच त्याला कसण्याच्या दिशेने ओढते. खाचा असलेल्या नटातून दुपदरी पिन घालून तिची टोके वाकवण्याची रीत तुम्ही बैलगाडीच्या किंवा मोटारीच्या चाकाजवळ पाहिली असेल. जेथे नट गळून पडला तर जीवच जाईल, तेथे हे उपाय करतात.

आता मी माझ्या लहानपणीची एक आठवण सांगतो. आमचे घर कवेलूंचे होते. छपरावर बांबूला टीव्हीचा अँटेना बांधलेला असे. वारा आला की अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग अब्बा छपरावर चढत, मी अंगणात उभा राहत असे आणि आपा खिडकीतून ओरडत असे, "आलं! आलं! गेलं!" एकदा क्रिकेटच्या सामन्याच्या शेवटच्या षटकात अँटेना फिरला आणि सगळ्या मोहल्ल्याने आमच्या नावाने हळहळ केली. दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्त करणारे चाचा आले. त्यांनी दोन्ही नट काढून साफ केले, वर आणखी एकेक नट लावला आणि आपाकडे नखांना लावायचा रंग मागितला. आम्ही हसलो. चाचांनी त्या लाल रंगाची एक बारीक रेघ नटावरून, बोल्टवरून आणि पट्टीवरून सरळ ओढली. मी विचारले, "चाचा, या रंगाने नट घट्ट राहील?" ते म्हणाले, "नाही बेटा. नट घट्ट ठेवणे नटाचे काम. रंग फक्त खरे सांगेल. रेघ तुटलेली दिसली, की समज नट फिरला. उंट बांधल्याशिवाय भरवसा ठेवू नये, हे शिकला आहेस ना? मग बांधलेली गाठही अधूनमधून पाहावी."

मोठा झाल्यावर मला कळले, की मोठमोठ्या कारखान्यांत आणि विमानांच्या दुरुस्तीतही हीच खुणेची रेघ ओढतात. उंच खांबावरची ठळक रेघ तर दुर्बिणीतून जमिनीवरूनही तपासता येते. प्रत्येक वेळी वर चढण्याची गरज राहत नाही.

मुलांनो, कोणताही नट कायमचा घट्ट नसतो, म्हणून तपासणीचे वेळापत्रक हवे. आपल्या भागात वणव्यांचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो. तेव्हा एक तपासणी फेब्रुवारीच्या आरंभी व्हावी. दुसरी मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यापूर्वी. तिसरी पावसाळा संपल्यावर. आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर एक. कोणता नट केव्हा पाहिला, हे वहीत लिहून ठेवावे. पूर आल्यावर अँटेना तपासायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

एक सूचना मात्र कधीही विसरू नका. खांबावर चढणे हे शिकलेल्या माणसाचे, कमरेला सुरक्षा-पट्टा बांधून करायचे काम आहे. आकाशात ढग गडगडत असताना, किंवा जवळून विजेच्या तारा जात असताना, धातूच्या खांबाला हातही लावू नये. तुम्ही जमिनीवरून पाहा. रेघ तुटलेली दिसली, अँटेना कललेला दिसला किंवा यंत्रात चरचर ऐकू आली, तर ज्यांचे ते काम आहे त्यांना सांगा.

वणवा विझवणाऱ्यांचे आणि पुरातून माणसे वाचवणाऱ्यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्यांना वेळेवर निरोप मिळाला, कारण कोणीतरी काही महिन्यांपूर्वी, कोणी पाहत नसताना, एका नटावर एक रेघ नीट ओढली होती. त्या माणसाचे नाव कुठेही लिहिलेले नसते. तरीही त्याचे काम तितकेच मोठे असते. तुमच्या हाती कोणतेही लहान काम आले, तर त्या रेघेची आठवण ठेवा.

शब्दार्थ

दुर्गम – जेथे पोहोचणे कठीण आहे असे
बिनतारी – तारेशिवाय चालणारे
निरोप – संदेश, पैगाम
वणवा – जंगलात लागलेली आग
पाचोळा – झाडाखाली पडलेली वाळलेली पाने
आटे – बोल्टवरील वळसेदार खाचा
घर्षण – एक वस्तू दुसरीवर घासल्याने होणारा विरोध, रगड
कंपन – थरथर
प्रसरण पावणे – आकार वाढणे, फैलणे
गंज – लोखंडावर चढणारा तांबूस थर, ज़ंग
मुलामा – पातळ थर, मुलम्मा
कवेलू – छपरावरील मातीची कौले
दक्षता – सावधपणा, खबरदारी

वाक्प्रचार

दाद न देणे – न जुमानणे, न ऐकणे
तहान लागल्यावर विहीर खणणे – गरज आल्यावर धावपळ करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) गडचिरोली जिल्हा केव्हा निर्माण झाला?
(२) भामरागडजवळ कोणत्या नद्यांचा संगम आहे?
(३) गेरहार्ड युंकर याने प्रयोगाने काय दाखवून दिले?
(४) दातेरी वॉशरचा उपयोग कशासाठी होतो?
(५) चाचांनी आपाकडे काय मागितले?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) ताण आहे तोवर ______ आहे.
(२) गंजलेला नट घट्ट नसतो, तो फक्त ______ असतो.
(३) दोन नट लावताना ______ नट आधी लावावा.
(४) वणव्यांचा हंगाम ______ महिन्याच्या मध्यापासून सुरू होतो.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) बिनतारी यंत्राचा अँटेना उंच खांबावर लावतात.
(२) नवीन बसवलेला अँटेना काही दिवसांनी पुन्हा तपासावा लागतो.
(३) स्प्रिंग वॉशरवर पूर्ण विसंबून राहू नये.
(४) चिकट द्रव सुकल्यावर नट पुन्हा कसू नये.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) ऊन आणि थंडी यांमुळे बोल्टचा ताण कसा कमी होतो?
(२) "रंग फक्त खरे सांगेल," असे चाचा का म्हणाले?
(३) लेखकाच्या मते कोणाचे काम मोठे आहे? तुम्हांला काय वाटते?

भाषाभ्यास

(अ) खालील शब्द उर्दूत आणि मराठीत जवळजवळ सारखेच आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
पेच, दुरुस्ती, हवा, जमीन, तयार, कारागीर

(आ) काही शब्द सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडावर चढणारा थर. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत 'निशाण' म्हणजे झेंडा. उर्दूत 'निशान' म्हणजे खूण. असे आणखी दोन शब्द शोधा.

(इ) विरुद्धार्थी शब्द लिहा : सैल, उंच, जाड, स्वस्त, चढ.

उपक्रम

आपल्या घरातील किंवा वर्गातील बाके, खुर्च्या व सायकली यांचे नट-बोल्ट मोठ्यांच्या मदतीने तपासा. नीट कसलेल्या नटांवर खुणेची रेघ ओढा. एक महिन्यानंतर रेघा पुन्हा पाहा. किती रेघा जुळलेल्या आहेत आणि किती तुटल्या आहेत, याची नोंद वहीत मराठीत करा.